उजवीकडचा मागचा स्पीकर

घरात होम थिएटर घ्यायचं हे मी ठरवलं ते चैनीसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या इमारतीत वेगळीच हवा पसरली होती. मला बढती मिळाली इथपासून माझं डोकं फिरलं इथपर्यंत सगळ्या शक्यतांवर जिन्यात चर्चा झाली होती. खरं कारण होते अण्णा, म्हणजे माझे वडील. जेवणं झाली की हॉलमध्ये माझ्या शेजारच्या, उजवीकडच्या खुर्चीत बसून माझ्याबरोबर टीव्ही बघायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या काही महिन्यांत तो मोडला. हात धुतले की ते सरळ आपल्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. मी रिकाम्या खुर्चीशेजारी बसून बातम्या बघायचो. त्यातली मजाच गेली होती. अण्णांनी परत त्या खुर्चीत येऊन बसावं, एवढीच माझी इच्छा होती आणि आहे.

ते का येत नाहीत, हे शोधायला मला वेळ लागला नाही. अण्णांना ऐकू येत नव्हतं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात आहे, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. पुरावा असा की, टीव्ही बघताना मी त्यांना काही विचारलं, तर उत्तर यायचं नाही. दोनदा विचारलं तरी नाही. मी बिचारा त्यांच्या सोयीसाठी टीव्हीचा आवाज वाढवायचो, तर थोड्याच वेळात ते उठून जायचे. आवाज वाढवूनही ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस बसून करणार काय?

आता कोणी म्हणेल, सरळ कानाच्या डॉक्टरकडे का नेलं नाहीस? असं म्हणणाऱ्यांना आमचं घर माहीत नाही. आमच्याकडे कोणाचं दुखणं त्याच्या तोंडावर काढत नाहीत. अण्णांचे गुडघे धरायला लागले तेव्हा आम्ही चकार शब्द न काढता त्यांच्यासाठी उंच खुर्ची आणली. माझ्या आईची नजर अधू झाली तेव्हा घरातले सगळे दिवे बदलले. तिने स्वतः चष्म्याचा विषय काढेपर्यंत आम्ही इतक्या उजेडात राहत होतो, की समोरच्या इमारतीतले लोक संध्याकाळी पडदे ओढून घ्यायचे. माणसाला बोलण्यापेक्षा वस्तू बदलावी, हे आमच्या घराण्याचं धोरण आहे. त्या धोरणाला धरूनच मी आवाजाची वस्तू बदलायला निघालो.

बजेट बायकोने ठरवलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत संध्याकाळच्या पाळीला असते आणि तिथे थेंब मोजायची सवय असल्यामुळे घरीही तिचा हात सैल सुटत नाही. तिने जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं की एवढ्यात काय येणार. त्यावर ती म्हणाली की एवढ्यात जे येईल तेच आणा. मुलीचं मत विचारण्यात अर्थ नव्हता. ती कॉलेजात जाते आणि तिच्या दोन्ही कानांत सदैव गाणी वाजवणारी बोंडं असतात, घरात काय वाजतं याच्याशी तिचा संबंध राहिलेला नाही.

सल्ला द्यायला समोरच्या घरातले दंतवैद्य आपण होऊन आले. त्यांच्या घरी मोठं होम थिएटर आहे आणि ते रविवारी दुपारी लावतात तेव्हा आमच्या कपाटातल्या बशा थरथरतात. ते म्हणाले, "पाच पॉइंट एक घ्या. त्याच्या खाली बघूसुद्धा नका." मी मान डोलावली. घरी येऊन विचार करत बसलो. पाच स्पीकर मी समजू शकत होतो, पण एक दशांश स्पीकर म्हणजे काय? स्पीकरचा तुकडा? तसं दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, तर ते मी दाताऐवजी हिरडी दाखवल्यासारखे बघायला लागले. तो दशांश म्हणजे जमिनीवर ठेवायचा धमधमणारा डबा. प्रत्यक्ष पाहिला तर पाच स्पीकरांपेक्षा तो दशांशच सगळ्यात मोठा निघाला. हिशेबाची ही कुठली पद्धत, मला आजतागायत कळलेलं नाही.

मग वॅटचा घोळ. एका खोक्यावर इतके वॅट लिहिलेले की तेवढ्यात आमच्या इमारतीची लिफ्ट वर गेली असती. दंतवैद्य म्हणाले, तो आकडा खोटा, आतल्या पानावरचा बारीक आकडा खरा. कचेरीतल्या सहकाऱ्याने सांगितलं, आतलाही खोटा, स्पीकर उचलून बघायचा आणि जड असेल तो घ्यायचा. इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले की काही घेऊच नका. शिवाय एक लांबट पट्टी मिळते, ती टीव्हीखाली ठेवायची आणि तिच्यातूनच पाचही बाजूंनी आवाज येतो, असं एक मत होतं. मी रात्री पाठ टेकली की डोळ्यांसमोर पॉइंट, पट्ट्या आणि वॅट नाचायचे. आधी मला फक्त अण्णांची काळजी होती. आता माझीही वाटायला लागली.

शेवटी दुकानात गेलो. विक्रेत्याने मला एका सोफ्यावर बसवलं, दिवे मंद केले आणि म्हणाला, "साहेब, आता हेलिकॉप्टर येईल. ते तुमच्या डोक्यावरून एक पूर्ण गोल फेरी मारेल." हेलिकॉप्टर आलं. डावीकडून आलं, समोरून गेलं आणि उजवीकडे पोचलं तसं कुठेतरी विरूनच गेलं. बऱ्याच वेळाने डावीकडून पुन्हा उगवलं. विक्रेता म्हणाला, "फिरलं ना साहेब?" मी म्हटलं, हो, फिरलं. चारचौघांत नाही कसं म्हणायचं? त्याने मग जरा महागाचा संच लावला, मग आणखी महागाचा. तिन्ही वेळा हेलिकॉप्टर माझ्या नाकासमोरून जाऊन उजवीकडे नाहीसं झालं. मी मनाशी निष्कर्ष काढला की आमच्या बजेटमध्ये हेलिकॉप्टर अर्धीच फेरी मारतं. अण्णांना बातम्या ऐकायच्या होत्या, त्यांना हेलिकॉप्टरशी काय करायचं होतं? मी सगळ्यात स्वस्त संच पसंत केला. तोही दुकानात मांडून ठेवलेला नमुना होता, म्हणून आणखी सवलतीत मिळाला. बायकोच्या आकड्यात बसला. त्या आनंदात मी घरी चालत आलो.

घोडं अडलं ते कमिटीत. मागचे दोन स्पीकर भिंतीला लावायचे म्हणजे भिंतीला भोकं पाडणं आलं आणि भोकं पाडायची म्हणजे परवानगी आली. सेक्रेटरी स्वतः पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि अजूनही ते लोकांना दारातच उभं करतात. भोकं किती, कुठे, किती खोल, हे त्यांनी सगळं विचारलं. मग दंतवैद्यांच्या रविवारांचा उल्लेख करून एक अट घातली. चाचणी हळू आवाजात करायची आणि ती चालू असताना कमिटीचा माणूस हजर पाहिजे. कमिटीचा माणूस म्हणजे ते. मी अट मान्य केली. आमच्या कचेरीत पाण्याच्या जोडणीला यापेक्षा कमी विचारतात.

ठरलेल्या दिवशी दुकानाचा मेकॅनिक आला. त्याने वायरी खेचल्या, भोकं पाडली, डबे टांगले. मी अण्णांच्या दाराशी जाऊन मुद्दाम मोठ्याने सांगितलं की बघा, तुमच्यासाठी काय आणलंय. ते डोळे मिटून पडले होते. त्यांनी ते उघडले नाहीत. मी परत आलो.

चाचणीची पद्धत अशी होती की माझ्या नेहमीच्या खुर्चीत मी बसायचं आणि यंत्र एकेका स्पीकरमधून आळीपाळीने फुसफुस असा आवाज काढणार. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, तसाच अगदी. आवाज आला की मी हात वर करायचा. सेक्रेटरी दाराशी स्टुलावर बसून आवाज मर्यादेत आहे ना यावर लक्ष ठेवून होते. समोरचा डावा, हात वर. मधला, हात वर. समोरचा उजवा, हात वर. मग शांतता. मग मागचा डावा, हात वर. मी म्हटलं, उजवीकडचा मागचा बंद आहे. मेकॅनिक टीव्हीच्या मागे वायरींत डोकं घालून होता. तो म्हणाला, येतोय की साहेब. मी शांतपणे विचारलं, खुर्चीत कोण बसलंय, मी की तू? त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सेक्रेटरी म्हणाले की मला बारीकसं काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. ज्यांना दंतवैद्यांचे रविवार ऐकायची सवय झाली आहे त्यांना कुठेही काहीही ऐकू येणार. नमुन्याचा माल मारला माझ्या गळ्यात, दुसरं काय.

तो स्पीकर काढून मी स्वतः दुकानात नेला. तिथे ग्राहकसेवेच्या खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी स्पीकर माझ्यासमोर लावून दाखवला. तो चांगला खणखणीत वाजला. त्या म्हणाल्या, "दोष आमच्या वस्तूत नाही. तुमच्या घरातली जोडणी तपासून घ्या." हे वाक्य मी रोज कचेरीत पाचपन्नास लोकांना ऐकवतो, नळाच्या संदर्भात. ते समोरून ऐकायला किती संतापजनक असतं, याची मला कल्पना नव्हती. मी इतका वाद घातला की त्यांनी केवळ सुटका व्हावी म्हणून नवाकोरा स्पीकर दिला. तो घरी येऊन लावला. तोही मुका.

वायर बदलली. मुका. मग मेकॅनिकने शक्कल काढली आणि डावा उजवीकडे, उजवा डावीकडे असे दोन्ही मागचे स्पीकर आपापसांत बदलले. आता गंमत बघा. जो बंद होता तो डावीकडे गेल्यावर बोलायला लागला आणि जो इतके दिवस व्यवस्थित बोलत होता त्याची उजवीकडे जाताच दातखीळ बसली. मेकॅनिकने हात टेकले. मी मात्र एका निष्कर्षावर आलो. स्पीकर चांगले आहेत, वायरी चांगल्या आहेत, तर मग भिंतच वाईट आहे. ही भिंत आवाज पिते.

घरच्यांचं सहकार्य नव्हतं. मुलीने एका कानातलं बोंड काढून ऐकलं, म्हणाली, "येतोय की बाबा," आणि बोंड परत घातलं. बायको चाचणीच्या वेळी दारात उभी होती, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. त्याच आठवड्यात तिने दाराची बेल बदलली. नवी बेल अशी वाजायची की दूधवाला स्वतः दचकायचा. जुनी बरी होती की, मी म्हटलं. ती म्हणाली, जुनी झाली होती. मी समजलो. तीसुद्धा न बोलता अण्णांची सोय बघत होती. मला तिचा अभिमान वाटला.

भिंतीची तक्रार मी कमिटीकडे केली. बांधणाऱ्याने भिंतीत काहीतरी पोकळ माल भरला असावा आणि असेल तर तो सगळ्याच घरांत असेल, हे मी पटवून दिल्यावर सेक्रेटरी गंभीर झाले. रविवारी सकाळी ते पाहणीला आले. मेकॅनिकला मीच बोलावलं होतं. दंतवैद्य बोलावल्याशिवाय आले आणि येताना एक छोटी हातोडी घेऊन आले. ते भिंतीला कान लावून टकटक करत पुढे सरकू लागले. मधूनच थांबून म्हणायचे, इथे पोकळ आहे. मग सेक्रेटरी तिथे कान लावायचे आणि म्हणायचे, मला नाही वाटत. अशी बरीच टकटक झाली. माझ्या हॉलमध्ये दोन प्रतिष्ठित माणसं भिंतीला चिकटून उभी होती, एक जण वायरींच्या भेंडोळ्यात बसला होता आणि मी खुर्चीत बसून हात वर करायची वाट बघत होतो. स्वस्तात होम थिएटर घ्यायचं म्हणजे हे सगळं करावं लागतं का, हे कोणाला विचारावं ते मला कळेना.

ती भिंत अण्णांच्या खोलीची. टकटक असह्य झाली असणार, कारण त्यांचं दार उघडलं आणि ते बाहेर आले. सेक्रेटरींनी त्यांना सगळा प्रकार पहिल्यापासून सांगितला, अर्ध्या फेरीच्या हेलिकॉप्टरसकट. ती गोष्ट मी जिन्यात एकदाच बोललो होतो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. सेक्रेटरी फारसे मोठ्याने बोलत नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग अण्णा माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले. मी टीव्हीकडे बघत होतो. खोलीतले सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी विचारलं, काय झालं? मेकॅनिक म्हणाला, "आजोबा तुम्हाला सांगताहेत, खुर्ची फिरवून बसा. टीव्हीकडे पाठ करून."

यात काय साधणार होतं देव जाणे, पण वडिलांचा मान ठेवायचा म्हणून मी खुर्ची फिरवली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. मेकॅनिकने यंत्र चालू केलं. फुसफुस फिरत फिरत मागच्या भिंतीवर आली आणि काय आश्चर्य, उजवीकडचा मागचा स्पीकर, ज्याने इतके दिवस माझा अंत पाहिला, तो खणखणीत बोलला. मी आनंदाने हात वर केला. मग शांतता. मग फुसफुस दुसऱ्याच कुठल्या तरी स्पीकरमधून आली. मी म्हटलं, "आता डावीकडचा गेला! बघा, मी म्हणत नव्हतो? सगळ्या जोडणीतच घोटाळा आहे."

सेक्रेटरी फरशी बघत होते. दंतवैद्य हातोडीची मूठ पुसत होते. मेकॅनिकने यंत्र हळूच बंद केलं. बायको दारात उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. एवढं सगळं समोर असूनही मला उमगायला वेळ लागला. खुर्ची फिरवली तेव्हा भिंत फिरली नव्हती, वायरी फिरल्या नव्हत्या, स्पीकर जागेवरच होते. फिरलो होतो फक्त मी. ज्या बाजूला माझा उजवा कान जात होता, त्या बाजूचा स्पीकर मरत होता.

मी आपला वेड्यासारखा उजवा कान चोळला. बोट घालून हलवला. मला इतकी लाज वाटली की होम थिएटरच्या त्या दशांश डब्यात शिरून बसावं असं झालं. मंडळी आपापली कामं आठवून निघून गेली. दंतवैद्य जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की दात असता तर मीच बघितलं असतं. बायकोने सांगितलं की तिने कानाच्या डॉक्टरची वेळ केव्हाच घेऊन ठेवलीये, पण मला कसं सांगावं हे तिला सुचत नव्हतं. ती वेळ दर आठवड्याला ती पुढे ढकलत होती. मग तीही चहा ठेवायला आत गेली.

अण्णा माझ्या खुर्चीपाशी उभेच होते. आता खुर्ची उलटी असल्यामुळे ते माझ्या डाव्या बाजूला आले होते. ते नेहमीसारखंच हळू बोलले आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"तू टीव्ही बघताना मला काही काही विचारायचास. मी उत्तर देत होतो."

मी त्यांच्याकडे वळलो.

"मी बोललो की तू टीव्हीचा आवाज वाढवायचास," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला माझी कटकट होते. आपण कशाला बसा मध्ये, म्हणून आत जायला लागलो."

इतके महिने मी त्यांच्या सोयीसाठी आवाज वाढवत होतो आणि इतके महिने ते त्याचा अर्थ 'गप्प बसा' असा घेत होते. मी कसाबसा म्हणालो की अण्णा, एकदा तरी ओरडून का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "आपल्या घरात कोण ओरडतं?"

मला अजून एक विचारल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, तुम्ही नुसती उत्तरंच देत होतात, की तुम्हालाही काही सांगायचं होतं?

मग त्यांनी ओढत आपली उंच खुर्ची आणली आणि माझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला लावून बसले. म्हणाले की त्यांच्या कारखान्यातला जुना सोबती नदीपलीकडे राहतो, त्याचं मध्यंतरी ऑपरेशन झालं, आता त्याला बाहेर पडता येत नाही. अण्णांना दोन बस बदलून एकट्याने जाणं होत नाही. मला घेऊन जाशील का, असं त्यांनी मला तीन वेळा विचारलं होतं. तिन्ही वेळा मी रिमोट उचलला होता. शेवटच्या वेळेनंतर ते माझ्याशेजारी बसले नव्हते.

मी घाबरत विचारलं की ते गृहस्थ अजून आहेत ना? अण्णा म्हणाले, आहे की, न असायला काय झालं, रोज फोनवर माझं डोकं खातो.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी चौथ्यांदा विचारलं. "आज संध्याकाळी नेशील का?"

"हो अण्णा, नेतो," मी म्हणालो. "आज संध्याकाळीच जाऊ. दुपारचा चहा झाला की लगेच निघू."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं, बरं. ओरडू नकोस. मला ऐकू येतं."